ह्यांची वाकडी फळी

...नाही हो, मी कशाला अडवू तिला? शिकलीय ती, जुनी घरं नीट करायचा धंदाच आहे तिचा. पण आपल्याच आईच्या घरात शिरून दिसेल त्यावर बोट ठेवायचं आणि म्हणायचं, "आई, हे मूळचं नाही!"... म्हणजे काय हो?

तुम्हाला सांगते, खिडकीचा निळा रंग? मूळचा नाही, खरवडा! खाली हिरवा निघाला, तोही नाही, त्याखाली पिवळा, आणि मग कुठे लाकूड दिसलं तेव्हा बाईसाहेबांचा चेहरा असा उजळला, परीक्षेत पहिली आली तेव्हाही एवढी हसली नव्हती. भिंतींचं सिमेंट काढून चुन्याचा गिलावा करायचा, का? तर म्हणे भिंतींना श्वास घेता येत नाही! अगं, त्या धुळीत मला येत नाहीये, त्याचं काय? शेवटी म्हटलं, "बाई गं, मीही या घरात लग्न करून आले, मी तरी कुठे मूळची? मलाही खरवडतेस का?"

"आई, तू ना!"... एवढंच.

आणि मग ती स्वयंपाकघरात शिरली. तिथे ह्यांची फळी ना! आयुष्यात ह्यांनी स्वतःच्या हातानं केलेली एकच वस्तू, तीही वाकडी. साखरेची बरणी ठेवली की निघालीच डावीकडे घसरत! मी जन्मभर कुरकुरले, आणि हे म्हणायचे, "फळी सरळच आहे गं, घर वाकडंय." हे गेले, फळी राहिली. ती काढू नको, हे लेकीला सांगायचं कसं? हसली असती तर?... डबे पुसत बसले.

"आई, हे मूळचं नाही," म्हणत तिनं बरण्या न उतरवताच स्क्रू फिरवला. एवढी शिकलेली, पण... बरणी निघाली! आणि काय सांगू, मान वर न करता पोरीनं नुसता डावा हात पुढे केला. अचूक! लहानपणापासूनची सवय हो. बरणी हातात, आणि बाईसाहेब मटकन खाली. "बाबांची फळी," म्हणाली. मग आम्ही दोघी... असो.

गिलावा वाळला, खिडक्यांचं काम करणाऱ्या सुतारकाकांनी फळी परत लावली. ती बुडबुड्याची लेव्हल ठेवून, एकदम सरळ! बरणी ठेवली... जागची हलेना. आम्ही रडकुंडीला.

"काका, मूळची होती तशी लावा!" लेक म्हणाली.

"ताई, ती वाकडी होती."

"तशीच वाकडी!"

"अहो, लोक मला हसतील!"

लावली. कमी वाकडी. काढली. लावली. जास्तच वाकडी, बरणी थेट ओट्यावर! काका वैतागले, "मग ज्यांनी लावली होती त्यांनाच बोलवा की!"

"बोलावलं असतं हो..." मी म्हटलं.

काकांनी लेव्हल पिशवीत टाकली, बरणी उचलली, ती फळीवर ठेवून घसरवत, घसरवत, आम्ही "हाच!" म्हणेपर्यंत, बरोब्बर ह्यांचा उतार धरला.

आता लेक गेली दुसऱ्यांची घरं खरवडायला. आणि इथे साखरेची बरणी झेलायला डावा हात पुढे करून उभी कोण? मीच! लग्न करून आलेली, पण आता घरातली एकमेव मूळची!