सोन्याची आंघोळ

हसू नका, पण माझ्या पीएचडीतला एक शोध आईचा आहे.

सोन्याचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगले की पाणी लाल दिसतं. त्यात धातूचा क्षार टाकला की कण एकमेकांना धरतात आणि पाणी निळं होतं. माझे कण मात्र सहा महिने नुसता काळा गाळ होऊन तळाशी बसत होते.

दिवाळीला एरंडोलला आलो. आई म्हणाली, "सोनं सोनं करस, दखाड ते!"

मी पुण्याच्या प्रयोगशाळेतून आणलेली बाटली दाखवली.

"लाल पानी! हाई सोनं शे?"

तरी धनत्रयोदशीला तिनं ती देवापुढे मांडली. पूजेतल्या सोन्याला आंघोळ हवीच, म्हणून बाटलीत विहिरीचं पळीभर पाणी घातलं. बघता बघता बाटली निळीशार!

"भाऊ, सोनं बिघडी गयं रे!" आई रडकुंडीला आली. मी मात्र नाचायलाच लागलो. गाळाचा कणही नव्हता! आमच्या विहिरीच्या जड पाण्यात क्षार नेमका बेताचा होता.

पुण्याला सरांनी विचारलं, "किती क्षार टाकलास?"

"एक पळी, सर. आईच्या हातची."

पुढच्या खेपेला आईनं फराळासोबत पाण्याचा कॅन दिला आणि एसटीच्या खिडकीशी येऊन बजावलं, "तुना सरले सांगजो, पानी संपी गयं ते कागद धाडा. लाजू नका."