अदीनाचं निळं सूत

मंडळी, एक विचारतो. देवाला जे द्यायचं ते आज नाही, महिन्याभरानं दिलं तर काय बिघडतं? देव काय कुठं गावाला चाललाय? — हसताय. मीही असाच हसायचो.

तर ऐका. रानात इस्राएल लोकांचा तळ पडलाय. देवासाठी तंबू उभा करायचाय — निवासमंडप. ज्याच्या मनात येईल त्यानं आणावं, सक्ती नाही. बाया चातीवर सूत काततायत. निळं, जांभळं, किरमिजी. त्यातून आतला पडदा विणायचाय, परमपवित्रस्थानापुढचा — म्हणजे देव जिथं वसतो त्या खोलीपुढचा; त्याच्या पलीकडं साध्या माणसानं जायचं नाही. तो पडदा म्हणजे कोण? आपला प्रभू येशू! निळा रंग तो वरून आल्याचा, किरमिजी त्याच्या रक्ताचा. पण त्या बायांना हे कुठलं ठाऊक? त्या आपल्या कातत होत्या.

त्यांत एक अदीना. हात असा, की अख्ख्या तळात तसं बारीक सूत कुणाचं नाही. निळ्या सुताची मोठी लड तिनं कातली आणि पेटीत ठेवली.

नवरा म्हणाला, "अगं, देऊन ये की."

"देणारच आहे हो. आधी आपल्या शुआच्या लग्नाची ओढणी होऊ दे. उरेल ते देवाचं."

उरेल ते! रोज सकाळी शेजारणी जायच्या, हिला हाक मारायच्या. ही म्हणायची, "तुम्ही व्हा पुढं."

आणि एक दिवस तळात दवंडी — पुरे झालं, आता कुणी काही आणू नका! मंडळी, आपल्याकडे वर्गणीवाला आला की घरात कुणी नसतं. तिथं लोकांना थांबवावं लागलं.

अदीना लड घेऊन धावली. विणकर भला माणूस. त्यानं सूत बोटांवर घेऊन पाहिलं.

"बाई, असं सूत आलंच नाही आमच्याकडं. कुठं होतात?"

"एक धागा तरी घाला, दादा."

"पडदा विणून झाला. आता कुठं घालू?"

घरी येऊन लेकीपुढं रडली. "तुझ्यासाठी ठेवलं गं, शुआ."

शुआ म्हणाली, "आई, मी कधी मागितलं होतं?"

पुढं शेकडो वर्षांनी प्रभूनं वधस्तंभावर प्राण सोडला, तेव्हा मंदिरातला तसाच पडदा वरून खालपर्यंत फाटला. वाट सगळ्यांना मोकळी झाली, अदीनालाही. सूत दिलं नाही म्हणून तिला कुणी अडवणार नाही. पण त्या कामाला तिचा हात लागायचा होता, तो राहिला. तो राहिलाच.

मी मास्तर होतो, मंडळी. गळा बरा होता. कीर्तनाला बोलवायचे, तर मी म्हणायचो, "लेकीचं मार्गी लागू दे." एकोणीस वर्षं म्हटलं. आज उभा राहिलोय, तर आवाज किती चढतो ते तुम्ही ऐकताच आहात. मागल्या नाताळात लेकीला सांगितलं, तुझ्यासाठी थांबलो होतो गं. ती म्हणाली, "बाबा, मला विचारायचं तरी."

तुम्ही कुणाचं नाव पुढं करून देवाला थांबवलंय? आज जेवायला बसाल, तेव्हा त्या माणसाला एकदा विचारा.