माझ्या छतातलं पाणी कुणाचं?

नाही, पण मला एक सांगा, हे पाणी येतं कुठून? सरकारी वसाहतीतलं घर, गळणारच, कबूल! छत गळतंय म्हणून माझी तक्रार नाही... म्हणजे तक्रार आहे, ती कचेरीत कधीची पडून आहे, एव्हाना तिला मुळं फुटली असतील! पण बाहेर रणरणतं ऊन, आणि माझ्या बाथरूममध्ये आंघोळ करणाऱ्याच्या नेमक्या टाळूवर टप... टप... टप! अहो, येतं कुठून?

आई म्हणाली, "या वयात डोक्यावर गार पाणी पडून मी आजारी पडले तर? मी आपली थोरल्याकडे जाते." आणि बॅग भरायला काढली! आता थोरल्याचं छत चांगलं आहे हो, पण आई आणि वहिनी एका छताखाली... जाऊ दे. आणि खरं सांगू? आई नसली की घर खायला उठतं मला.

धावत कचेरीत गेलो. कारकून मान वर न करता म्हणतो, "गळतीचा माणूस एकच आहे. नंबर लागला की येईल." म्हटलं, "अहो, निदान पाणी येतं कुठून ते तरी सांगा!" तर म्हणे, "ते शोधणारा वेगळा. त्याची जागा रिकामी आहे."

घ्या! मग म्हटलं, आपणच शोधू. स्टुलावर चढलो, छताला कान लावला, भिंत ठोकली, पाणी चाखूनसुद्धा पाहिलं... असे बघू नका, स्वच्छ होतं! चक्क पिण्याचं! तसाच वरच्या मजल्यावर गेलो. तिथे एक काकू राहतात, एकट्याच. विचारलं, "काकू, तुमच्याकडे पाणी सांडतंय का?"

काकू कडाडल्या, "सांडायला आधी यावं लागतं! नळ कोरडाठाक आहे माझा! तक्रार देऊन थकले, खालून बादल्या वाहून कंबर मोडली, आणि हा विचारतोय सांडतंय का!"

आणि तुम्हाला सांगतो, तिथल्या तिथे डोक्यात प्रकाश पडला! पाइप मधेच फुटलेला! काकूंचं पाणी काकूंकडे न जाता थेट माझ्या टाळूवर!

मग काय, गळतीखाली बादली लावली आणि काकूंना म्हटलं, या आणि घेऊन जा, तुमचंच आहे. काकू आल्या. आई म्हणाली, "बसा ना, भरेस्तोवर." आता थेंबाथेंबानं भरणारी बादली ती! तोवर गुडघे झाले, सुना झाल्या, मालिका झाली, परत गुडघे. बादली भरून वाहायला लागली तरी दोघी हलायला तयार नाहीत. रोज! मला तर नवाच प्रश्न पडला, यांना एवढं बोलायला येतं कुठून? आणि एक दिवस बघतो तर आईची बॅग रिकामी होऊन माळ्यावर गेलेली! हायसं वाटलं हो.

आणि परवा, आंघोळ अर्धी टाकून दार उघडतो तर समोर कोण? गळतीचा माणूस! साक्षात! हातात पाना! मला वाटलं, मिठी मारावी. तो म्हणतो, "कुठं गळतंय?"

मी तोंड उघडायच्या आत आई दारात आडवी! "आमच्याकडे? छे! काही गळत नाही. दुसरीकडे बघा."

आणि आतून काकू, "माझाही नळ मस्त चालू आहे हो!"

आत टपटप सगळ्या जिन्याला ऐकू जातेय. तो माणूस माझ्याकडे बघतोय. आई माझ्याकडे बघतेय.

मी आपला केस पुसत म्हटलं, "आई म्हणते, तर नसेल गळत!"