बॅटरीची खंडेनवमी

सोलरचा सल्ला घ्यायला आमच्या ऑफिसातल्या शिरीषकडे जाणार असाल, तर आधी माझं ऐका. टोरोंटोपासून लांब जंगलात त्याची केबिन आहे, तिथे वीजच नाही. म्हणून अख्खा समर हा पठ्ठ्या प्लॅनिंग करत होता, पॅनेल किती, बॅटरी केवढी. "आठवडाभर ढग आले तरी दिवे चालू राहतील," असं छातीठोकपणे सांगायचा. उद्घाटनाला आम्हाला नेलं, ते नेमकं खंडेनवमीला.

पोचलो तर मीनलवहिनींनी बॅटरीला हळदकुंकू वाहून झेंडूचा हार घातलेला. अंधार पडला तसा मी दिव्याच्या बटणाकडे हात नेला.

"थांबा भाऊजी! बॅटरी पूजेत मांडलीय. उद्या उत्तरपूजा होईपर्यंत वापरायची नाही."

"बरं, मग टॉर्च द्या."

"तोही पूजेत आहे."

"मग मोटेलवर जाऊ. शिरीष, गाडीची किल्ली दे."

शिरीषने निमूटपणे पाटाकडे बोट दाखवलं. किल्लीवर अक्षता होत्या.

शेवटी निरांजनाच्या उजेडात, जॅकेटं घालून, गारठलेल्या पुरणपोळ्या खाल्ल्या. मी म्हटलं, "काय रे, एवढं प्लॅनिंग केलंस ना?"

"ढगांचे दिवस धरले होते रे," तो म्हणाला, "देवाचा धरायचा राहिला."