तीनशे बाराची आई

कारकून : आजोबा, आधी या भेटवहीत नाव लिहा. आज तिसरा दिवस, अजून तुमची नोंद नाही.

आजोबा : काम झालं की लिहितो. पळून चाललोय का मी?

कारकून : शाळेच्या दारातून आत येईल त्याने लिहायचंच. कोण, कोणाला भेटायला, कशासाठी. पहिल्या हेडमास्तरांनी घालून दिलेली शिस्त आहे. त्यांचं चाललं असतं तर कावळ्याचीही सही घेतली असती.

नात : सर, मुलींची सगळी रजिस्टरं पाहून झाली. पणजीचं नाव कुठेच नाही.

आजोबा : नसणारच. चार वर्षांचं पोर दिराच्या घरी टाकून गेली ती. अशी बाई शाळेत कसली टिकतेय? चल, दुकानात शिवायचे ढीग पडलेत.

नात : आबा, तुमच्या चुलत्यांनी मरताना सांगितलं होतं ना, तुझ्या आईचं त्या शाळेत काहीतरी आहे म्हणून? चाळीस वर्षं तुम्ही इकडे फिरकला नाहीत.

आजोबा : कशाला फिरकू? तिने कधी वळून पाहिलं?

कारकून : एक मिनिट. शाळेत काहीतरी आहे म्हणजे त्या शिकल्याच असतील असं कुठंय? तुम्ही कुठे शिकलात आजोबा?

आजोबा : इथेच. चौथीपर्यंत.

कारकून : तीन दिवस माझ्यासोबत धूळ खाताय, आणि हे आज सांगता?

आजोबा : माझं काय शोधायचंय? मी हा समोर बसलोय!

कारकून : बसा तर. हे बघा, सापडलात. रजिस्टर नंबर तीनशे बारा. पालक, चुलते. आता त्या वर्षांच्या भेटवह्या. ताई, कपाटावरचा माझा चहाचा कप जरा उचला.

(बराच वेळ फक्त पानं उलटल्याचा आवाज.)

कारकून : अरे देवा. ताई, तुम्हीच वाचा. माझ्याने नाही वाचवत.

नात : "कोण : तीनशे बाराची आई. कशासाठी : निकाल पाहणे." खाली अंगठा आहे. आणि हेडमास्तरांचा शेरा, "गणितात पैकीच्या पैकी. ऐकून बराच वेळ बसून राहिल्या."

आजोबा : काय वाचतेस तू?

नात : पुढच्या वर्षी, "खिडकीतून मुलास पाहिले. दिरांनी भेट बंद केली आहे. मुलास सांगू नये, त्याला मार पडेल, अशी विनंती." परत अंगठा. तिसरीच्या निकालाला सही आहे, आबा. अक्षरं सगळी वाकडी.

कारकून : आणि चौथीच्या निकालाला शेरा आईंच्याच हातचा. बघा, शाई वेगळी.

नात : "माझा मुलगा पास झाला."

आजोबा : ...कुठे? बोट ठेव त्यावर. माझा चष्मा दे आधी.

नात : हे बघा. इथे.

आजोबा : लिहायला शिकली ती. एवढ्यासाठी लिहायला शिकली! आणि मी जन्मभर तिच्या नावाने बोटं मोडली.

कारकून : एकवीस वर्षं या कपाटावर चहा ठेवतोय मी. आत हे होतं, आणि मला पत्ता नाही.

आजोबा : त्याच्या पुढच्या वर्षी?

नात : आबा, राहू द्या.

आजोबा : वाच.

नात : "तीनशे बारा शाळा सोडून गेला. कुठे, हे शाळेस ठाऊक नाही. आई संध्याकाळपर्यंत फाटकापाशी उभी होती." पुढे काही नाही.

आजोबा : चुलत्याने मला परगावी शिवणकामाला धाडलं होतं. ती इथे उभी होती, आणि मी तिकडे काजं करत होतो.

कारकून : आजोबा, पाणी घ्या.

आजोबा : पाणी नको. ती वही द्या.

नात : मी लिहू का? हात थरथरतोय तुमचा.

आजोबा : तिचाही थरथरला असेल. सरक.

कारकून : इथे लिहायचं, कोण ते.

आजोबा : तीनशे बारा.

कारकून : कोणाला भेटायला?

आजोबा : आईला.

कारकून : आणि इथे... कशासाठी.

आजोबा : कुठे होतो, ते सांगायला.