आठवी पास, पुण्यात फ्लॅट

…आणि एवढं सगळं करून तो इंद्रजीत वर मलाच म्हणतो, "प्रभुलिंग, मशीन चुकत नसतं रे!" चुकत नसतं? अहो, माझ्या लग्नाचा प्रश्न होता तो!

तुम्हाला सांगतो, मी दहा वर्षं टॉवेलच्या कारखान्यात कटिंगला आहे. मागावरून टॉवेल काय सुटा उतरत नाही. सलग ताका उतरतो, एकाला एक चिकटलेले पन्नास-पन्नास टॉवेल, आणि दोघांच्या मध्ये बोटभर साधी पट्टी, जिथं ती मऊ लव नसते. कात्री त्या पट्टीतच चालवायची! नुसती इंचपट्टी लावून कापत सुटलात तर नक्षीतला अर्धा गुलाब ह्या टॉवेलला, अर्धा त्या टॉवेलला… घेणार का कोणी? हे आमच्या कारखान्यात झाडू मारणाऱ्यालासुद्धा कळतं.

आता शुक्रवार पेठेत, पुण्याच्या नव्हे, आमच्या गावातल्या, आमच्या समाजाचं वधूवर मंडळ आहे. सिद्रामप्पा काका चालवतात आणि हा इंद्रजीत त्यांचा पुतण्या, कम्प्युटर इंजिनियर. त्यानं ठरवलं, मंडळाच्या वहीतली सगळी स्थळं एआयमध्ये घालायची. मोबाइलवर विचारायचं, "शांत मुलगा पाहिजे," की मशीन शोधून सांगणार. मी गेलो होतो माझा कागद द्यायला. आईनं स्वतः लिहिलेला, सावित्रम्मानं, पाठपोट. इंद्रजीत म्हणाला, "मशीनला सगळी वही एकदम वाचता येत नाही. तुकडे करायचे. कोण काय विचारेल त्याला जुळणारा तुकडा ते उचलतं आणि त्यातनं उत्तर बनवतं." मी विचारलं, "तुकडे कुठं करायचे?" तर म्हणतो, "कुठं म्हणजे? दर शंभर शब्दांनी!"

शंभर शब्दांनी! मोजून! मला म्हणायचं होतं, अरे बाबा, पट्टीत काप. एका माणसाचा कागद संपला की काप. म्हणालो नाही. लाजाळू माणूस मी, घरी आलो.

चार दिवसांनी होटगीहून फोन. चन्नप्पा, रेल्वेतून रिटायर झालेले, मुलगी सिद्धेश्वरी. "आमी येतोय घर बगायला!" आले. दारातच माझ्या पाठीवर थाप मारली. "आटवी शिकून पुण्यात फ्लॅट? लई कर्तबगार पोरगं हाय की हो!"

आईनं माझ्याकडं बघितलं. "एनप्पा इदु?" म्हणजे हे काय रे? आता मला काय माहीत? चन्नप्पांच्या मोबाइलवर मशीननं उचललेला तुकडा बघितला तर काय… वहीत माझ्या आधी मडिवाळप्पाचं स्थळ. त्याच्या कागदाची शेपटी, 'पुण्यात स्वतःचा फ्लॅट, चारचाकी', माझ्या तुकड्याच्या डोक्यावर आलेली! खाली माझं नाव, शुक्रवार पेठ, स्वभाव शांत, शिक्षण आठवी… आणि तिथं शंभर शब्द संपले. पुढचं सगळं दुसऱ्या तुकड्यात, बिननावाचं. मशीनला काय कळणार ते कोणाचं? अर्धा गुलाब त्याचा, अर्धा माझा!

चन्नप्पा विचारतायत, "गाडी कुटं लावलीय?" खुंटीला कारखान्याची पिशवी, दाराशी सायकल… आणि समोर सिद्धेश्वरी. एकदाच बघितलं मी तिच्याकडं. एकदाच बघितलं आणि कळलं, ही गेली तर मला आयुष्यभर वाईट वाटणार. गप्प बसलो असतो तर आणखी दोन दिवस तरी फ्लॅटवाला राहिलो असतो! पण तोंडातनं कसंबसं निघालं, "फ्लॅट माझा नाही."

"म्हंजे? भाड्याचा हाय?"

"नाहीच."

चन्नप्पा उठले. "चल गं पोरी. फसवाफसवी हाय ही!" मला सगळं सांगायचं होतं… ताका, कात्री, पट्टी, मडिवाळप्पा! त्याऐवजी त्यांना जायला दाराशी लावलेली सायकल बाजूला घेतली.

आई मात्र आत गेली. मंडळातनं परत आणलेला तो कागद काढला आणि सिद्धेश्वरीच्या हातात दिला. "सगळा वाच, बाळा. मग जा."

तिनं उभ्या उभ्याच वाचला. 'शिक्षण आठवी. वडील अंथरुणाला खिळले म्हणून शाळा सुटली. सहा वर्षं वडिलांना यानंच अंघोळ घातली, यानंच भरवलं. कधी चिडला नाही. मुलगा फार बोलत नाही.'

तिचे डोळे भरले. खरंच भरले, मी फुगवून सांगत नाही. म्हणाली, "आप्पा, बसा." चन्नप्पा म्हणाले, "अगं, फ्लॅट न्हाय की!" ती म्हणाली, "असूदे. बाहेर होटगी जंक्शनच्या गाड्या, घरात तुम्ही. चोवीस वर्षं कान किटलेत माझे. मला शांत माणूस पाहिजे होता, तेच विचारलं होतं मी मशीनला."

झालं! लग्न झालं, आमच्याच नवी पेठेतनं शालू आणला, वर्ष झालं. इंद्रजीत आता शहाणा झाला. आधी प्रत्येक माणसाचा कागद वेगळा करतो, मग तुकडे, आणि प्रत्येक तुकड्यावर त्या माणसाचं नाव. तेच मी… जाऊ द्या.

पण तुम्हाला सांगतो, परवा कपाट आवरताना तिला तो कागद पुन्हा सापडला. मी शेजारी बसून बोलत होतो, कारखान्यातलं, मुकादमाचं, सकाळी चहा घेतल्यापासून एकसारखं. तिनं कागद उलटला. पहिल्यांदाच! मागं आईच्या अक्षरात एकच ओळ होती: 'पण एकदा माणूस आपलं वाटलं की थांबत नाही.'

तिनं ओळ वाचली. माझ्याकडं बघितलं. पुन्हा ओळ वाचली. "अहो," म्हणाली, "शंभर शब्द झाले की थांबायचं. उरलेलं उद्या."

म्हटलं, "थांबतो की! पण शब्द मोजून नाही थांबायचं, पट्टी आली की थांबायचं…"

तेव्हापासून ती पट्टीची वाट बघतीय.