सरांचं नाक

...आणि वर मलाच म्हणतात, ‘सर, तुम्ही तेवढं बोलायला नको होतं!’ अहो, मी बोललो काय? दोन शब्द! ‘कसला वास?’ बस्स! माझंच चुकलं असेल म्हणा!

तुम्हाला सांगतो, डोंबिवलीत एमआयडीसीला खेटून आमचं कॉलेज, तिथे पर्यावरण आरोग्याचा पदवी अभ्यासक्रम मी सुरू केला, मी! हवा-पाणी तपासणारी माणसं घडवायची. त्याला मान्यता द्यायला बाहेरगावची समिती येणार. नाही दिली तर कोर्स बंद, पोरांची वर्षं पाण्यात. प्राचार्य कादंबरी, माझीच विद्यार्थिनी बरं का, सकाळपासून खिडक्या बंद करून चंदनाचा स्प्रे मारतेय, आणि मला म्हणते, ‘सर, तुम्ही नुसते कोपऱ्यात उभे राहा. अनुभवी दिसता.’ दिसता!

समिती प्रयोगशाळेत शिरली, अध्यक्षांनी नाकाला रुमाल लावला. ‘प्रोफेसरसाहेब, हा वास कसला?’ मी छान खोल श्वास घेतला, वर्गात करून दाखवतो तसा, आणि म्हणालो, ‘कसला वास?’

मागून शेवटच्या वर्षाची अंतरा खोकत खोकत ओरडली, ‘अहो सर, कुठल्यातरी कंपनीने गॅस सोडलाय! डोळे चुरचुरतायत!’ मला तर चंदनाचा वाससुद्धा येत नव्हता हो! आमची ही कायम म्हणते, ‘दूध करपलं तरी हे आपले पेपरात!’ मी समजायचो, एकाग्रता... माझंच चुकलं असेल म्हणा!

गेला कोर्स, म्हटलं. पण कादंबरी! तिने खिडकी सताड उघडली. ‘साहेब, बाकीची कॉलेजं प्रदूषण दाखवायला मुलांना बसने नेतात, आमच्याकडे ते स्वतः वर्गात येतं! आणि दीर्घकालीन परिणाम म्हणाल, तर...’ माझ्या खांद्यावर हात ठेवून, ‘हे बघा.’

हे बघा! म्हणजे मी! अध्यक्षांनी स्वतः माझ्या नाकाखाली फिनेलची बाटली धरली. ‘काही?’ ‘नाही.’ ‘वा, उत्तम!’ अख्खी समिती खूश! आणि मी मूर्ख, वर म्हणतोय, ‘नाक अजून जवळ आणू का?’

मान्यता मिळाली. कोर्स वाचला. आता अंतराचा प्रकल्प माझ्या नाकावर आहे, मार्गदर्शकही मीच. काल हळूच विचारलं, ‘सुधारेल का गं?’

‘सर, प्लीज! सुधारलं तर माझा निष्कर्ष बोंबलेल ना!’

तेही खरंच... माझंच चुकलं असेल म्हणा!